चाकावरचा हात

पहाटे पावणेपाचला साहेबराव सोनकांबळेंचा दिवस सुरू व्हायचा. गजराने नव्हे, गुडघ्याने. डावा गुडघा रोज त्याच वेळेला ठणकायचा, दोन मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. पंचशीलाबाई म्हणायच्या, "तुमच्याऐवजी गुडघ्याला नोकरी लागली असती तर एव्हाना सुपरवायझर झाला असता." साहेबराव उत्तर देत नसत. बोलण्यात दम जातो आणि दम सायकलला लागायचा. लातूरच्या एमआयडीसीपर्यंत साडेसात किलोमीटर. पाळी सहाची, पण पावणेसहाला ते गेटच्या आत.

कारखाना सोयाबीन तेलाचा. साहेबराव तिथे टाकीवर होते. कच्चं तेल टाकीत येतं, टाकीतल्या वेटोळ्या नळीतून वाफ फिरते, तेल नव्वद अंशांना तापतं आणि पुढे धुवायला जातं. ऐंशीवर त्यातला साबणासारखा मळ सुटत नाही. शंभराच्या वर गेलं तर धुण्याचं पाणी पडताच तेल फसफसून बाहेर येतं आणि मग माणसं फरशी धूत बसतात. म्हणून नव्वद. वाफेचं चाक थोडं उघडायचं, थोडं मिटायचं. ऐकायला सोपं आहे. ज्याला सोपं वाटतं त्याने आठ तास करून बघावं.

चाक नखभर फिरवायचं असतं. हातभर फिरवतो तो घाबरट आणि फिरवतच नाही तो आळशी, असं साहेबरावांचं मत होतं. आकड्याकडे ते क्वचित बघत. तेल थंड असलं की नळीतली वाफ फोडणीसारखी तडतडते, तापत आलं की सुस्कारे टाकते. त्यांना कानाने कळायचं. बावीस वर्षांत त्यांच्या पाळीत तेल एक्याण्णवच्या वर गेलं ते दोनदाच. एकदा मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा, आणि एकदा शेजारच्या शेडवर वीज पडली तेव्हा. दोन्ही वेळा त्यांनी मालकाची माफी मागितली. विजेबद्दलसुद्धा.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते तेव्हा मालकांनी यंत्र आणलं.

मालक म्हणजे महादेवप्पा. मूळचे उदगीरचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, खिशात दोन मोबाइल आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलणं चालू. त्यांनी साहेबरावांना बोलावून घेतलं.

"साहेबराव, आता वाफ आपोआप सुटणार. चाकावर माणूस लागंना झाला बघा. यंत्र बसलं की तुम्ही गोण्यांकडं या. पेंडीच्या गोण्या हायेत, हलक्या."

"किती हलक्या, आप्पा?"

"पन्नास किलो."

घरी पंचशीलाबाईंनी ऐकलं आणि पोळपाट बाजूला ठेवला. "पहिली गोणी तुम्ही उचलाल. दुसऱ्या खेपेला लोकं तुम्हाला उचलतील."

"मग सोडून देऊ. घरी बसू."

"बसा की. अकरा महिन्यांचा पगार गुडघा आणून देईल."

त्या दिवशी साहेबरावांना भाकर गेली नाही.

यंत्र बसवायला नांदेडहून रविकिरण आला. पंचविशीतला इंजिनिअर, पाठीवर बॅग, हातात लॅपटॉप, बोलायला गोड. यंत्र म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसवलेला वीतभर डबा. वर लाल आकडा, म्हणजे तेल आता किती तापलंय. खाली हिरवा आकडा, म्हणजे किती पाहिजे. वाफेच्या नळीवर एक नवा, स्वतः उघडमिट करणारा व्हॉल्व्ह बसला. यंत्र बिघडलं तर असावं म्हणून साहेबरावांचं जुनं चाक बाजूच्या नळीवर तसंच ठेवलं आणि नव्या व्हॉल्व्हच्या आधी वाफ तोडायला आणखी एक चाक दिलं. दोन्ही चाकं टाकीच्या मागे, केबिनमधून न दिसणारी. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्यावं.

"याला पीआयडी म्हणतात, काका," रविकिरण म्हणाला. "हे तीन गोष्टी बघतं. आत्ता किती चुकतंय, मागचं किती चुकून साठलंय, आणि पुढं किती चुकणार हाय."

साहेबरावांनी डब्याकडे नीट पाहिलं. "आमच्या घरी हाय की हे. आत्ताचं चुकलेलं बोलते, मागचं सगळं काढते, अन् पुढं काय चुकवणार तेबी आधीच सांगते. बावीस वर्षांपेक्षा जुनं मॉडेल हाय, पण बंद पडलं न्हाई."

रविकिरण हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला. मग म्हणाला, "पण यातल्या कुठल्या गोष्टीला किती जोर द्यायचा, ते प्रत्येक टाकीचं वेगळं असतं. ते हे स्वतः शिकतं. हे बटण दाबलं की वाफ पूर्ण सोडतं, नव्वदच्या थोडं वर गेलं की पूर्ण तोडतं, थोडं खाली आलं की परत पूर्ण सोडतं. असे चार-पाच झोके घेतलं की टाकीचा स्वभाव कळतो. चाळीस-पन्नास मिनिटं. याला ऑटो ट्यून म्हणतात. आपण फक्त बघायचं."

त्याने बटण दाबलं. डब्यावर एक छोटा दिवा लुकलुकायला लागला. साहेबराव सवयीने टाकीमागे जाऊन उभे राहिले.

नव्वद. ब्याण्णव. चौऱ्याण्णव.

टाकीवर एक जुना काट्याचा मापक होता, तो ते बघत होते. आयुष्यात त्यांनी माणसं बिघडलेली पाहिली, पण तेल डोळ्यांदेखत बिघडू दिलं नव्हतं. पंच्याण्णवला त्यांनी वाफ तोडायचं चाक नखभर मिटलं. फार नाही, नखभर. तेल खाली आलं. अठ्ठ्याऐंशीला दुसरं चाक नखभर उघडलं. नवं यंत्र आहे, लेकरू आहे, पहिल्याच दिवशी फजिती नको, एवढाच विचार.

केबिनमध्ये रविकिरण खूश. "काका, काय शांत टाकी हाय तुमची! पाच अंशांच्या वर झोकाच न्हाई!"

"टाकी चांगली हाय," साहेबराव टाकीमागून म्हणाले.

दिवा विझला. यंत्र शिकलं. रविकिरणने मालकाला फोन करून कळवलं.

दोनला साहेबराव घरी गेले आणि दुसऱ्या पाळीचा सिद्धलिंग आला. अडीचला नवा व्हॉल्व्ह खाड्कन उघडला, खाड्कन मिटला, परत उघडला. तेल एकशेचारवर गेलं, तिथून चौऱ्याहत्तरवर पडलं, परत चढलं. धुण्याच्या टाकीत तेल आणि पाणी घुसळून ताक झालं. सिद्धलिंगने डबा बंद केला आणि चपला काढून त्याला नमस्कार केला.

पुढचे तीन दिवस कारखान्यात तीच चर्चा. सकाळी यंत्र शहाण्यासारखं, दुपारी प्यायल्यासारखं. सकाळी साहेबराव दोन्ही चाकांवर असत, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते लपवत नव्हते. कुणी विचारलं नाही.

"दुपारचं ऊन लागत असंल," सिद्धलिंग म्हणाला. त्याने डब्याला ओला पंचा गुंडाळला. महादेवप्पांनी नारळ फोडला आणि डब्याच्या कपाळाला तीन बोटं भस्म ओढलं, त्यात लाल आकडा बुजला. रविकिरणने वायरी बदलल्या, तापमापी बदलली, अर्थिंग तपासलं, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी ओतलं. दोनदा परत ऑटो ट्यून केलं. दोन्ही वेळा साहेबरावांनी टाकीमागून मदत केली. मदत जितकी नीट झाली तितकं यंत्र दुपारी जास्त बेफाम झालं.

चौथ्या सकाळी पुन्हा बटण दाबलं. त्याच वेळी मंजुश्री तेलाचा नमुना घ्यायला आली. ती तेल तपासणारी केमिस्ट, उदगीरची, वागायला सरळ. नमुन्याचा नळ टाकीच्या मागच्या बाजूला आहे. तिथून तिला दिसलं, की मापकाचा काटा चढला की साहेबरावमामा एक चाक मिटतात, उतरला की दुसरं उघडतात, आणि मधल्या वेळात चाकाला प्रेमाने चिंधीने पुसतात.

ती केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "रविकिरण सर, तुमच्या यंत्रात एक माणूस हाय."

महादेवप्पा आले ते दोन्ही मोबाइल कानावरून काढूनच आले. तेव्हाच सगळ्यांना कळलं की प्रकरण मोठं आहे.

"साहेबराव! बावीस वर्षं मीठ खाल्लं अन् हे? जागा जाऊ न्हाई म्हणून यंत्र बिघडवता?"

साहेबराव ताठ उभे राहिले. "आप्पा, बिघडवायचं असतं तर तेल बिघडू दिलं असतं. मी नव्वद ठेवून राहिलो. तुम्ही पगार नव्वदचा देता."

"अन् दुपारी ताक होतं त्याचं काय?"

यावर रविकिरणने खुर्ची ओढून साहेबरावांना बसवलं. "काका, समजा पोराला गणित घातलं अन् बापानं मागून हळूच उत्तर लिहून दिलं. मास्तरला काय वाटंल?"

"पोरगं हुशार हाय."

"मग मास्तर लई अवघड पेपर काढंल. इथं यंत्रानं पूर्ण वाफ सोडली अन् तेल जेमतेम हललं, कारण तुम्ही मागून धरलं. त्याला वाटलं ही टाकी लई सुस्त हाय, हिला जोरातच ढकलायला पाहिजे. दुपारी तुम्ही नसता. मग ते एकटंच जोरात ढकलतं."

साहेबरावांनी हातातल्या चिंधीची घडी घातली. त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं. आपण ज्याला मेहनत समजलो ती चोरी झाली, आणि चोरी यंत्राच्या मेहनतीची. "चुकलं," ते म्हणाले. "परत करा. मी हात लावत न्हाई."

"हात लागला तर उद्यापासून गेट बंद," महादेवप्पा म्हणाले. "गोण्याबी न्हाईत अन् अकरा महिनेबी न्हाईत." आणि बँकेत निघून गेले.

रविकिरणने बटण दाबलं. साहेबरावांनी टाकीमागे स्टुलावर बसून हात खिशात घातले. त्र्याण्णव. हात बगलेत धरले. पंच्याण्णव. हातांवर बसले. शहाण्णव.

"लागला हात!" ते स्वतःच ओरडले. "थांबवा! मला कळलंच न्हाई, तो एकटाच गेला."

रविकिरणने डोकं धरलं. त्यांना बाहेर पाठवावं म्हणून गेटपाशी बसवलं. दहा मिनिटांनी तेल चढेचना. शोधलं तर साहेबराव बॉयलरच्या खोलीत, मुख्य वाफ अर्धी मिटून. "तिकडून आवाज आला," ते ओशाळून म्हणाले. "लई तापल्याचा." गेटपासून टाकी शंभर पावलं आहे.

आता त्यांना नजरेसमोरच ठेवणं भाग होतं. शिवाय ट्यूनच्या वेळी तेल खरंच हाताबाहेर गेलं तर ओरडायला टाकीपाशी जाणता माणूस हवाच होता, आणि सिद्धलिंग लग्नाला रेणापूरला गेला होता. रविकिरणने भीतभीत विचारलं, "काका, हात बांधू का? हलकेच?"

"मी काय चोर हाय?"

विषय संपला. महादेवप्पा तासाभरात परत येणार होते.

तेव्हा मंजुश्रीने पर्स उघडली आणि मेंदीचे दोन कोन काढले. परवा उदगीरला तिच्या आतेबहिणीचं लग्न होतं आणि सगळ्यांच्या हातावर मेंदी काढायची जबाबदारी तिची होती.

"मामा, मला सराव पाहिजे," ती म्हणाली. "तुमचे हात लई मोठे हायेत. सगळी नक्षी बसंल. पण एक सांगते, मी जीव लावून काढीन. अर्ध्यात पुसली तर माझी मेहनत वाया."

साहेबराव तिच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांनी कुणाची पुसलेली फरशी वाळायच्या आत तुडवली नव्हती. रचलेल्या थप्पीतली गोणी मधूनच ओढणाऱ्याशी ते वर्षभर बोलत नसत. पोरीने दुखती रग बरोबर धरली होती.

त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

टाकीपुढे स्टुलावर साहेबराव, समोर उलट्या डब्यावर मंजुश्री. वाफेच्या खोलीत मेंदीचा वास. रविकिरणने बटण दाबलं. मंजुश्रीने उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

चौऱ्याण्णव. मोराची मान झाली.

"मंजूताई, पंच्याण्णव."

"हलू नका, पिसारा हाय."

सत्त्याण्णव. साहेबरावांच्या कपाळावरून घाम निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळला. "रविकिरण साहेब, नाक!" रविकिरण धावत आला आणि रुमालाने नाक टिपून गेला. अठ्ठ्याण्णव. मग वाफ तुटल्यावर नळीत उरलेली वाफही संपली, नळी गप्प झाली आणि तेल उतरायला लागलं. उतरताना बघणं जास्त वाईट. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. "अगं बाई, त्र्याऐंशी," साहेबराव एखाद्याची नाडी बुडाल्यासारखे म्हणाले. बोटं नखभर वळली आणि मंजुश्रीने नुसतं वर पाहिलं. बोटं सरळ झाली.

गोण्यांवरची चार माणसं दारात येऊन उभी राहिली. "साहेबरावभाऊ, नवरी कुठली म्हणायची?"

"तुझी वहिनी. जाऊन सांग तिला, हिंमत असंल तर."

दुसरा झोका, तिसरा झोका. दर अकरा मिनिटांना एक. तिसऱ्या झोक्याला साहेबरावांच्या ध्यानात आलं, की तेल दर वेळी तेवढंच चढतं आणि तेवढंच उतरतं. टाकीचा एक श्वास आहे. बावीस वर्षं त्यांनी तो धरून ठेवला होता आणि त्यांना कधी ऐकूच आला नव्हता. उजवा हात पुरा झाला. डाव्या तळव्यावर मंजुश्रीने वेलीच्या मधोमध मोकळी जागा ठेवली. "इथं नवऱ्याचं नाव असतं. तुमच्यात काय लिहू?"

"नव्वद लिहा."

तिने वळणदार अक्षरांत ९० लिहिलं आणि भोवती पाकळ्या काढल्या.

महादेवप्पा दारात आले तेव्हा चौथा झोका उतरत होता. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मेंदीकडे पाहिलं, हातातला मोबाइल कुणाचंतरी बोलणं चालू असतानाच खिशात टाकला. "हे काय चाललंय?"

"यंत्र शिकून राहिलं, आप्पा," साहेबराव दोन्ही तळवे हवेत धरून म्हणाले. "गप बसा."

मालकाला गप बस म्हणायची ही पहिलीच वेळ. महादेवप्पा बसलेही.

दिवा विझला. लाल आकडा चढला, ब्याण्णववर थबकला, एकोणनव्वदवर आला, आणि नव्वदवर येऊन उभा राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. व्हॉल्व्ह इतका हळू हलत होता की आवाज नाही. साहेबराव कान देऊन ऐकत होते. "नखभर," ते म्हणाले. "नखभरच फिरवून राहिलं."

दुपारची पाळीही नव्वदवर गेली. पुढचे दोन दिवसही. तिसऱ्या दिवशी महादेवप्पांनी केबिनमध्ये सगळ्यांना पेढा दिला आणि साहेबरावांना म्हणाले, "झालं गेलं विसरा. आता गोण्यांकडं या."

साहेबरावांनी पेढा तसाच धरून ठेवला. तेव्हा रविकिरण बोलला. "आप्पा, तुमच्या नांदेडच्या कारखान्यात असल्याच नऊ टाक्या हायेत. तिथं नऊ जुनी माणसं नऊ चाकांवर. एकबी हात लावल्याशिवाय राहणार न्हाई. काकांना पाठवा. त्यांना कळतं हात कधी जातो ते. टाकी खरंच बिघडली तर कानाला कळतं."

"म्हंजे मी काही न करण्याचा पगार देऊ?"

"आप्पा," साहेबराव म्हणाले, "एकदा करून बघा."

महादेवप्पा हसले. चाळीस मिनिटं बसायला काय लागतं? ते दिवसभर बसतातच. रविकिरणने बटण दाबलं. महादेवप्पा स्टुलावर बसले, जपाला बसल्यासारखे, हात मांडीवर. तेल त्यांचं होतं, टाकीभर, त्यांच्या पैशाचं. त्र्याण्णवला ते उठले. चौऱ्याण्णवला त्यांनी विचारलं, "एवढं चालतं का?" पंच्याण्णवला ते टाकीमागे होते, दोन्ही हात चाकावर, आणि चाक त्यांनी नखभर नव्हे, चांगलं हातभर फिरवलं.

"चार मिनिटं," मंजुश्रीने घड्याळ बघून सांगितलं.

महादेवप्पांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "नांदेडला राहायची सोय कारखान्यात हाय. पगार हाय तोच. जायचं भाडं वेगळं देतो."

त्या संध्याकाळी साहेबराव घरी आले. पंचशीलाबाईंनी आधी नांदेडचं ऐकलं, मग रंगलेल्या हातांकडे पुन्हा एकदा पाहिलं. तीन दिवसांत रंग चांगला काळपट चढला होता. "लग्नात लावा म्हणलं तर पळून गेलते," त्या म्हणाल्या. "अन् आता कुणाच्या नावाची? नव्वदच्या!"

नांदेडला अकरा महिन्यांत नऊही टाक्या झाल्या. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. प्रत्येक चाकावरच्या माणसाशी साहेबराव आधी एक दिवस नुसते बसत, त्याचं नखभर किती ते बघत, त्याचं काम चांगलं आहे असं तोंडावर सांगत. मग बटण, आणि त्या माणसाच्या हातांना दुसरं काम. दोघांनी लसूण सोलला, एकाने सुतळीची जाळी विणली, एका धर्माबादच्या माणसाने चाळीस मिनिटांत दोन किलो मिरच्यांची देठं काढली आणि डोळे चोळून बसला. साहेबराव कुणावर ओरडले नाहीत. रिकामे हात सांभाळणं ही अंगमेहनत आहे, आणि अंगमेहनत करणाऱ्यावर ओरडायचं नसतं.

शेवटचा पगार घेतला त्या दिवशी ते लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात गेले. त्या अकरा महिन्यांच्या पगारातून घरात घरघंटी आली. दीड अश्वशक्तीची, खाली चाकं असलेली, पंचशीलाबाईंना दळण डोक्यावरून वाहायला नको म्हणून. पहिलं दळण शेजारच्या केवळाबाईंचं होतं, पाच किलो ज्वारी. साहेबरावांनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसले.